सगळ्यांत चांगला विद्यार्थी

वग्दी शलबीचा इंग्रजीचा तास संपल्याची घंटा होऊन गेली होती आणि पुढचा तास माझा होता. मी नकाशाची गुंडाळी काखेत धरून दाराशी थांबलो. आत त्याने तीन मुलं फळ्यापाशी उभी केली होती.

‘‘यांच्यात टॉलेस्ट कोण?’’

वर्गाने ओरडून एका ताडमाड मुलाचं नाव घेतलं. वग्दीने त्याला बाहेर, माझ्याजवळ पाठवून दिलं. ‘‘आता कोण?’’ वर्गाने दुसऱ्याचं नाव घेतलं.

‘‘हा एवढ्यात वाढला का?’’

मुलं हसली.

‘‘नाही वाढला. दुसरा बाहेर गेला, एवढंच. टॉलेस्ट, बेस्ट, हे शब्द वापरायचे तर कुणांत, कुठे, कधी, हे आधी सांगायचं. ते नाही सांगितलं तर ती नुसती बाजारातली आरोळी.’’

मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. शरमून त्याने खडू खिशात टाकला आणि ‘‘माफ कर फिक्री, तुझी पाच मिनिटं खाल्ली’’ असं म्हणून निघून गेला. आमची मैत्री झाली ती अशी. पुढे आम्ही एकाच इमारतीत राहिलो, एकाच कहवाखान्यात बसलो. त्याच्याविषयी लिहायला माझ्यापेक्षा योग्य माणूस असेलही, पण मला तो माहीत नाही.

मी भूगोल शिकवायचो. माझ्या विषयात सगळ्यांत लांब नदी आणि सगळ्यांत मोठं वाळवंट यांच्याशिवाय पान उलटत नाही. नाईलच्या डेल्टातल्या आमच्या गावाच्या तर नावातच तो प्रकार आहे. महल्ला अल-कुब्रा, म्हणजे सर्वांत मोठी वस्ती. कुणांत मोठी, हे कापडगिरणीतल्या कामगारांपासून नगरपालिकेच्या साहेबापर्यंत कुणी विचारत नाही. वग्दी विचारायचा. तो म्हणायचा, आपल्या अरबीत ‘त्याहून मोठा’ आणि ‘सगळ्यांत मोठा’ या दोन्हींना एकच शब्द पुरतो, म्हणून शेजाऱ्यापेक्षा बरा निघालेला माणूस आपल्याकडे एका दमात जगात पहिला होतो. इंग्रजीत मधे एक पायरी आहे. मुलांनी तिथे थोडा दम घ्यावा, एवढीच त्याची इच्छा.

हे वर्गापुरतं राहिलं असतं तर त्याचं आयुष्य सोपं गेलं असतं. त्याची बायको, इन्शिराह वहिनी, मोलोखियाची पातळ पालेभाजी करायच्या. लसणाची फोडणी पडली की वास आमच्या मजल्यापर्यंत यायचा. ‘‘कशी झालीय?’’ त्या विचारायच्या. वग्दी घास नीट चावून सांगायचा, ‘‘या महिन्यातली सगळ्यांत चांगली.’’

‘‘ऐकलंत, फिक्रीभाऊ? या महिन्यातली! लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून मला कौतुक मिळतं ते असं, मापून कापलेलं. शिंप्याशी लग्न केलं असतं तर निदान झगा तरी झाला असता.’’

त्याच्या मुलीच्या, रीमच्या, लग्नाची बोलणी याच पायी मोडत होती. मुलाची आई कोचावर ऐसपैस बसून म्हणाली, ‘‘आमच्या मुलासारखा मुलगा अख्ख्या घर्बिया प्रांतात नाही.’’ आणि ती थांबली. अशा बैठकीत समोरून आलेलं कौतुक थोडं वाढवून परत करायचं असतं. सगळे वग्दीकडे बघत होते.

‘‘आमची रीम चांगली मुलगी आहे,’’ वग्दी म्हणाला.

‘‘चांगली?’’ बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. ‘‘चांगली म्हणजे? काही खोट आहे का मुलीत?’’

मी चारचौघांत तोंड उघडणारा माणूस नाही. पण वहिनींचा चेहरा बघून माझ्याच तोंडून निघालं, ‘‘अहो बाई, चौदाव्या रात्रीचा चंद्र आहे चंद्र! पूर्ण डेल्टात अशी पोरगी शोधून दाखवा!’’ मग श्वास सुटले, सरबत फिरलं, लग्न ठरलं. रीम नवऱ्याबरोबर कुवेतला गेली. जिन्यात वग्दी मला म्हणाला, ‘‘पूर्ण डेल्टा तू पाहिलायस का?’’

आमच्याकडे बारावीच्या वर्षी मूल शाळेत जात नाही. सगळं खासगी शिकवणीवर चालतं. वग्दीची शिकवणी त्याच्या दिवाणखान्यात, जेवणाच्या टेबलाभोवती भरायची. दहा खुर्च्या होत्या, अकरावं मूल तो घेत नसे. त्या टेबलावर एक वर्ष इहाब झनाती बसला होता. बापाचं गिरणीच्या दारापाशी उसाच्या रसाचं दुकान. पोरगा काटकुळा, हाताला रसाचा चिकटपणा, पण डोळे असे की शिकवणाऱ्याने शब्द उच्चारायच्या आधी ते त्या शब्दापाशी पोहोचलेले असत. वग्दीने एकदा कुठलंसं वाक्य दिलं, तळं इथे सर्वांत खोल आहे, असं काहीतरी. इहाब म्हणाला, ‘‘मिस्टर, दुसरं तळं तर नाहीच इथे. मग हे मोजलं कुणाशी? स्वतःशीच ना? मग ‘डीपेस्ट’च्या आधी तो ‘द’ कशाला?’’

इंग्रजीच्या मास्तरांना आमच्याकडे मिस्टरच म्हणतात. वग्दी त्या संध्याकाळी जिना चढून माझ्या घरी आला. दारातच म्हणाला, ‘‘फिक्री, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. पुस्तकात नाही. त्याचं त्याला दिसलं.’’ त्याचे कान लाल झाले होते.

पण इहाबला त्याने हे सांगितलं नाही. तो पोरगा दर आठवड्याला निघताना दाराशी घुटमळायचा. ‘‘मिस्टर, मी सगळ्यांत चांगला ना?’’ वग्दीचं उत्तर ठरलेलं. ‘‘या टेबलावर, या आठवड्यात.’’ मी एकदा विचारलं, की सांगून का टाकत नाहीस? तर म्हणाला, ‘‘त्याला सांगितलं की तो तिथेच थांबेल. आणि बाकीची नऊ मुलं कान टवकारून बसलेली असतात. त्यांनी घरी काय न्यायचं?’’ मला ते तेव्हा पटलं होतं. आता काही सांगता येत नाही.

मग गावात शिकवणीची सेंटरं आली आणि त्यांच्याबरोबर भिंतींवरचे मास्तरांचे फलक आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आजही ते आहेत, एकावर एक चिकटवलेले. भौतिकशास्त्राचा देवमासा. रसायनाचा जिन्न. फ्रेंचची महाराणी. आणि सगळ्यांच्या वर, दोन मजल्यांएवढा, हाताची घडी, काळा चष्मा, मागे लंडनचा घड्याळाचा मनोरा: इहाब झनाती, इंग्रजीचा सम्राट, इजिप्तमधला सर्वांत बलाढ्य शिक्षक. भाजीवाली उम्म शौकी त्याच्याखाली टोमॅटो मांडायची. ती म्हणायची, ‘‘सम्राटाच्या सावलीत माल सुकत नाही, तेवढा तरी उपयोग.’’

वग्दी निवृत्त झाला, शाळा सुटली, उरलं ते टेबल. दर वर्षी त्याभोवतीच्या दोनतीन खुर्च्या वहिनी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवायच्या. शेवटी दोन मुलं राहिली. जुळी होती, आणि त्यांची आई वहिनींची मावसबहीण. वग्दीला पैशाची तितकी ओढ नव्हती, रीम पाठवत होती. पण शिकवणीचा दिवस नसला की तो दुपारी कहवाखान्यात यायचा, डोमिनोच्या सोंगट्या हातात घ्यायचा आणि खेळायचं विसरायचा. एकदा त्याने चहा आणणाऱ्या अश्मावीचं वाक्य दुरुस्त केलं. अश्मावी अरबीत बोलत होता. सगळे हसले. वग्दीही हसला, पण मग मला हळूच म्हणाला, ‘‘मला एक वर्ग हवाय रे. भरलेला. मरायच्या आधी एकदा.’’

इहाब घरी आला तो मे महिन्यात. हातात बसबूसा मिठाईचा भलामोठा डबा, मागे दोन माणसं, गल्लीत गाडी अडकलेली. वहिनींनी मलाही खाली बोलावून घेतलं. इहाबने वाकून वग्दीच्या हाताचं चुंबन घेतलं आणि थेट त्या टेबलाशी, आपल्या जुन्या जागी बसला.

‘‘मिस्टर, माझ्या सेंटरात खालचा हॉल मोकळा आहे. शंभर खुर्च्या, एसी, माईक. शनिवार आणि मंगळवार दुपार तुमची. भाडं नाही, काही नाही.’’

वहिनींचे हात छातीशी गेले.

‘‘फक्त एक काम. परीक्षेआधीची शेवटची उजळणी मी लग्नाच्या हॉलमध्ये घेतोय. हजारभर पोरं असतील. तुम्ही मंचावर यायचं आणि एक वाक्य बोलायचं. इहाब माझा सर्वांत चांगला विद्यार्थी. बस्स.’’

‘‘तुला त्याची काय गरज? भिंतीवर तर तू इजिप्तमध्ये पहिला आहेस.’’

‘‘ते छापखानावाल्याने लिहिलंय, मिस्टर,’’ इहाब म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. ‘‘पैसे दिले की तो काहीही लिहितो.’’

तो गेल्यावर वहिनींनी डबा उघडलासुद्धा नाही. ‘‘रीमचे बाबा, ऐका. एक वाक्य आहे. मी लग्नाच्या दिवशी हो म्हटलं तेही एकच वाक्य होतं, आणि त्यावर किती वर्षं काढली बघा.’’

‘‘विचार करतो.’’

‘‘करा! खुर्च्या आतच आहेत, त्यांना काही घाई नाही!’’

दुसऱ्या दिवशी कहवाखान्यात मी त्याला म्हटलं, ‘‘नको वाटत असेल तर नको म्हण. पोटासाठी खोटं बोलण्याची वेळ तुझ्यावर आलेली नाही.’’

‘‘खोटं असतं तर कालच नाही म्हणून टाकलं असतं.’’

मला कळलं नाही.

‘‘फिक्री, ते खरं आहे.’’ त्याने चहा ढवळला, साखर कधीच विरघळली होती. ‘‘रात्रभर एकेकाला आठवलं. जो आता मन्सूरा शहरात सर्जन आहे, तो पाठांतराचा होता. ती करीमा, जिचं अक्षर सुरेख होतं, तिला घाबरायची सवय. विमानतळावर आहे तो मुलगा... नाही. सगळ्यांना टेबलाभोवती बसवून पाहिलं. हाच. याच्या जवळपाससुद्धा कुणी येत नाही. मी आयुष्यभर वाट पाहिली की दुसरा कुणीतरी येईल, कुठलाही, आणि हा दुसरा ठरेल. कुणी आलं नाही. सगळं शिकवून माझ्या हाती हा लागला. धूर सोडून मंचावर येणारा.’’

‘‘मग काय करणार?’’

‘‘खरं आहे ते बोलायला माझी हरकत कशी असेल?’’ तो असा हसला की मी नजर दुसरीकडे वळवली.

उजळणीच्या दिवशी भर दुपारी मी त्याच्याबरोबर गेलो. हॉलच्या बाहेर ढोल आणि सनया, नवरदेवाला आणतात तसे. आत मुलं खुर्च्यांवर उभी. दिवे मालवले, धुराचे लोट आले आणि त्यातून इहाब चालत आला, खांद्यावर देशाचा झेंडा. ‘‘गुड!’’ तो ओरडला. ‘‘बेटर!’’ हॉल ओरडला. ‘‘बेस्ट?’’ ‘‘सम्राट! सम्राट!’’ माझ्या पायाखालची फरशी हादरत होती. पण मग त्याने शिकवायला सुरुवात केली, आणि हे लिहिणं मला भाग आहे, की तो फार सुंदर शिकवत होता. मी भूगोलवाला, मलाही समजत होतं. वग्दी पहिल्या रांगेत गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. एका ठिकाणी त्याची मान आपोआप हलली, बरोबर म्हटल्यासारखी. मग त्याने ती थांबवली.

शेवटी इहाबने त्याला वर बोलावलं. वग्दीच्या अंगात रीमच्या लग्नातला कोट होता. माईक त्याने हनुवटीपासून लांब धरला.

‘‘माझ्याकडे शिकलेल्या मुलांमध्ये,’’ तो म्हणाला, आणि थांबला. ‘‘माझ्याकडे शिकलेल्या सगळ्या मुलांमध्ये, भाषेच्या समजेत, इहाब झनाती हा सर्वांत चांगला विद्यार्थी होता. आहे.’’

ढोल वाजायला हवा होता. ढोलवाला इहाबच्या खुणेची वाट बघत होता आणि इहाब खूण करायचं विसरला होता. त्याने काळा चष्मा काढला. चेहरा उघडा पडला तेव्हा तो अगदी सामान्य दिसला, थकलेला, डोळ्यांखाली काळं. त्याने पुढे होऊन वग्दीच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि कानात काहीतरी म्हटलं. मग चष्मा परत चढला, हात वर गेला आणि ढोल सुरू झाले.

परतताना मी विचारलं, काय म्हणाला तो?

‘‘म्हणाला, फार उशीर केलात मिस्टर.’’

नव्या वर्षाच्या शिकवण्या आमच्याकडे ऑगस्टमध्येच सुरू होतात. तोपर्यंत वग्दीचं ते वाक्य गावातल्या प्रत्येक फोनवर पोहोचलं होतं. फलकही नवा लागला: एका कोपऱ्यात कोट घातलेला वग्दी, त्याच्या तोंडापाशी त्याचं वाक्य. ‘माझ्याकडे शिकलेल्या मुलांमध्ये’ एवढं छापखान्यात गळलं होतं. वग्दी त्याच्याकडे बघत उभा राहिला तेव्हा उम्म शौकी म्हणाली, ‘‘फोटो चांगला आलाय, मिस्टर. जरा हसायला काय झालं होतं?’’

इहाबने दिलेला शब्द पाळला. हॉल उघडला, शंभर खुर्च्या पुसून मांडलेल्या, एसी चालू, टेबलावर पाण्याची बाटली, फळ्यापाशी नवे खडू. पहिल्या शनिवारी वग्दी वेळेआधी जाऊन बसला. मीही गेलो आणि मागच्या रांगेत बसलो, निदान कुणीतरी असावं म्हणून. जुळी आली नाहीत. त्यांच्या आईने वहिनींना फोनवर सांगितलं होतं, राग मानू नकोस, पण पोरांचं परीक्षेचं वर्ष आहे.

बऱ्याच वेळाने एक बाई मुलीला घेऊन आत डोकावली. वग्दी उठून उभा राहिला.

‘‘या, या. बसा.’’

‘‘तुम्हीच ना ते फलकावरचे? सम्राटाचे मास्तर?’’

‘‘हो.’’

‘‘देव तुमचं भलं करो. नाव नोंदवायची खिडकी कुठेय हो? इथे खाली कुठे सापडत नाहीये.’’

‘‘माझ्या वर्गाची नोंद इथेच होते.’’

बाई गोंधळली. तिने मुलीकडे पाहिलं, रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. ‘‘नाही, म्हणजे आम्हाला त्यांच्याकडेच घालायचंय. तुमचाच व्हिडिओ बघून आलो ना आम्ही. तुम्हीच सांगितलंत सगळ्यांत चांगला कोण ते. आता तुमच्यासारख्या माणसाने एवढं छातीवर हात ठेवून सांगितल्यावर, पोरीला दुसरीकडे कशी घालू?’’

वग्दीने त्यांना खिडकी दाखवायला जिन्यापर्यंत सोबत केली. परत आल्यावर त्याने एसी बंद केला.

मंगळवारीही तेच झालं. त्यापुढच्या शनिवारीही. मी रागाने इहाबला जिन्यात गाठलं. मी कुणाला गाठणारा माणूस नाही. ‘‘हे तुला आधीच माहीत होतं,’’ मी म्हटलं.

‘‘काका, खुदाशप्पथ नाही,’’ तो म्हणाला, आणि मला वाटतं तो खरं बोलत होता. ‘‘मी त्यांचं नावसुद्धा फलकावर टाकलं. मुलांना मी कान धरून खाली पाठवू का? पोरं एकच नाव विचारतात. दोन नंबरवाल्याच्या दारात कुणी उभं राहत नाही. उद्या मी दोन नंबरचा झालो तर माझ्याही नाही राहणार.’’ मग त्याने घड्याळ बघितलं. ‘‘थांबा. त्यांचा हॉल रिकामा नाही राहणार. माझ्यावर सोडा.’’

आणि खरंच राहिला नाही. इहाबच्या वरच्या हॉलमध्ये मुलं मावेनाशी झाली होती. त्याने खालच्या हॉलच्या भिंतीवर पडदा लावला, वरून तार ओढली, आणि उरलेली मुलं खाली बसवली. पडद्यावर सम्राट शिकवतो, वग्दी पडद्याशेजारी खुर्ची टाकून बसतो. गडबड होऊ द्यायची नाही, हजेरी घ्यायची, पडदा बंद पडला तर वर निरोप पाठवायचा. त्याने नाही म्हणून उठून यायला हवं होतं असं मला वाटतं. मी त्याला तसं म्हणालोही. तो म्हणाला, ‘‘मुलं आहेत ना समोर.’’

वहिनी इमारतीत सगळ्यांना सांगतात, ‘‘रीमच्या बाबांच्या वर्गात शंभर मुलं आहेत.’’ आतल्या खोलीतल्या खुर्च्या त्यांनी जुन्या सामानवाल्याला देऊन टाकल्या.

परवा आम्हा दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून मी त्याला आणायला गेलो. हॉल गच्च भरला होता. पडद्यावर इहाब हीच पायरी शिकवत होता, लहान, त्याहून लहान, सर्वांत लहान. एका जागी त्याने घाईत एक चूक केली. मला ती कळली नसती, पण वग्दीचा हात खिशाकडे गेला, खडूकडे, आणि तो अर्धवट उठला.

मागून एक मुलगी ओरडली, ‘‘हाजी, खाली बसा ना! सम्राट दिसत नाहीये!’’

वग्दी कधी हजला गेलेला नाही. आमच्याकडे नाव माहीत नसलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला तसंच हाक मारतात.

तो खाली बसला. मग खुर्चीसकट थोडा बाजूला सरकला, भिंतीला पाठ लागेपर्यंत.